बाण कुठून काढायचा? अरामी लोकांच्या एका नकाशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका जिल्ह्याच्या गावात जुनं वाचनालय आहे, वर्धापनदिनाला दरवर्षी तीन दिवस काहीतरी प्रदर्शन असतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गेल्या खेपेला विषय होता लिप्यांचा प्रवास. चौदा पॅनेल, प्रत्येक तीन बाय चार फुटांचा फ्लेक्स, आणि मजकूर-नकाशे सगळं घरच्या घरी, म्हणजे आम्ही चौघं: इतिहास शिकवून रिटायर झालेले सर, भाषाशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी, फ्लेक्सच्या दुकानातला डिझायनर, आणि सगळ्यांच्या मागे लागून मजकूर गोळा करणारी मी.

नववं पॅनेल अरामीचं, म्हणजे प्राचीन सिरियाकडच्या एका भाषेचं आणि तिच्या लिपीचं. हे कशाला, असं कमिटीत एकानं विचारलंच. उत्तर तयार होतं. कंदाहारला १९५८ साली अशोकाचा लेख सापडला तो ग्रीक आणि अरामी असा दोन भाषांत आहे, तक्षशिलेलाही अरामी लेख मिळालाय, आणि आपल्या वायव्येकडची खरोष्ठी उजवीकडून डावीकडे जाते ती अरामीच्या वळणावर गेलीय म्हणून. हखामनी इराणी सम्राटांनी कारभारासाठी अरामी वापरली आणि त्यांच्या कारकुनांबरोबर ती सिंधूपर्यंत आली. लिपीचा भाग दोन दिवसांत झाला. पहिल्या प्रूफवर मथळा 'अरबी लिपी' असा आला होता, डिझायनरला वाटलं आम्हीच टायपो केलाय, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं की पुढे काय होणार आहे.

अडचण

सरांनी कोपऱ्यात एक चौकट टाकली होती, 'हे लोक मूळचे कुठले?' खाली नकाशा, आणि नकाशावर अरबस्तानच्या वाळवंटातून निघून थेट दमास्कसमध्ये घुसणारा जाडजूड लाल बाण. मजकूर तीन ओळींचा: अरामी हे वाळवंटातले भटके, उंटांवरून आले, सिरिया जिंकला.

सरांनी हे मनानं लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या कॉलेजच्या काळात हेच शिकवत. ह्यूगो विंकलर आणि लिओने काएतानी यांच्यापासून चालत आलेली लाटांची थिअरी: अरबस्तान कोरडं पडत गेलं आणि ठरावीक काळानं माणसांची लाट बाहेर फेकत राहिलं, आधी मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराककडचे अक्कडी, मग अमोराइट, मग अरामी, आणि शेवटी इस्लामबरोबर अरब. ऐकायला एकदम फिट्ट बसतं, आणि शेवटची लाट खरीच असल्यामुळे आधीच्या तिन्ही आपोआप खऱ्या वाटतात.

मुलीनं प्रूफ बघितलं आणि ग्रुपवर टाकलं, 'सर, बाणाला पुरावा काय आहे?' एवढंच. सर दोन दिवस ग्रुपवर काही बोलले नाहीत. छपाईला नऊ दिवस उरले होते.

समोर आलेले पर्याय

पहिला, सरांचा बाण तसाच ठेवायचा. दुसरा, बायबलमधला बाण काढायचा. तिसरा, चौकटच उडवायची, लिपीच्या पॅनेलवर लोकांचं मूळ कशाला असं म्हणून. चौथा पर्याय आम्ही मागितलाच नव्हता, तो व्हॉट्सअॅपवरून आला: कमिटीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं, अराम म्हणजे राम, बाण भारतातून निघायला हवा. पाचवा शेवटी निघाला तो म्हणजे बाणच नको.

रामाचं आधी संपवते. त्या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट खरी होती आणि तिच्यावर चार खोट्या रचल्या होत्या. खरी अशी की अरामी ज्या खाबूर नदीच्या भागात पुढे नांदले तिथेच इ.स.पू. चौदाव्या शतकात मितान्नी राज्य होतं, आणि हित्ती, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या जुन्या साम्राज्याच्या राजाशी झालेल्या मितान्नीच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य हे देव साक्षीला आहेत. पण लगेच पुढच्या ओळीत मितान्नी राजा तुश्रत्ता म्हणजे दशरथ, आणि मग अराम कोण हे सांगायलाच नको. तुश्रत्ताचं नाव अभ्यासक 'त्वेषरथ' असं लावतात, वेगवान रथवाला. आणि 'अराम'मधला अ आपल्याला स्वर वाटतो, पण त्या लिपीत तो आलेफ आहे, पूर्ण व्यंजन, आलेफ-रेश-मेम. तो गाळून राम करणं म्हणजे 'कमळ'मधला क काढून 'मळ' वाचण्यासारखं. हे उदाहरण मुलीनं कमिटीच्या मीटिंगमध्ये दिलं आणि विषय तिथेच थांबला, गृहस्थ थोडे नाराज झाले पण चहा घेऊन गेले.

पहिला निर्णय: सरांशी भांडायचं की बसायचं

मी सरळ चौकट उडवणार होते. सोपं होतं, सरांचाही मान राहिला असता. पण मुलगी म्हणाली, ताई, एकदा सरांबरोबर बसू, नाहीतर ते लिहायचंच सोडतील. मग एका दुपारी वाचनालयाच्या मासिकांच्या टेबलावर तिघं बसलो.

तिनं पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने काढले. मूल: अरबीत वलद, हिब्रूत येलेद, अरामीत यल्दा. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा व हिब्रू आणि अरामी दोघींत य झालाय, फिनिशियन आणि सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित शहराच्या भाषेतही तेच, अरबीत झालेला नाही. मग राजा: अरबीत मलिक, अनेकवचन मुलूक, आतूनच मोडतोड. अरामीत मलकीन, शेपूट लावलं की झालं, हिब्रूसारखंच. आणि 'तो राजा' म्हणायचं तर अरबी पुढे अल् लावते, अरामी मागे आ लावते, मलका. 'म्हणजे सर, ही भाषा सिरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात हिब्रू-फिनिशियनच्या शेजारी वाढलीय, अरबीच्या घरातून बाहेर पडून आलेली नाही.'

सरांनी कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, 'भाषेचं पटलं. पण माणसं वाळवंटातून आली आणि इथली भाषा उचलली असं का नसेल?' प्रश्न चोख होता, भाषा आणि माणूस एकच नव्हे. मुलगी म्हणाली, असेलही, पण तसं म्हणायला एखादा तरी कागद हवा. मग आम्ही कागद, म्हणजे मातीच्या विटांवरचे आणि दगडांवरचे लेख, शोधायला लागलो, आणि इथून पुढे गाडी रुळावर आली.

दगडांवर काय आहे

अरामी हे नाव या लोकांसाठी निःशंकपणे दिसतं ते असिरियाचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या राज्याचा, राजा पहिला तिग्लथ-पिलेसर याच्या लेखांत. राज्यकाल इ.स.पू. १११४ ते १०७६. इ.स.पू. ११११च्या सुमाराची मोहीम तो सांगतो: 'अखलामू-अरामी' लोकांना सुहूच्या हद्दीपासून हित्तींच्या कार्केमिशपर्यंत एका दिवसात लुटलं, फुगवलेल्या बकऱ्याच्या कातड्यांच्या तराफ्यांवरून युफ्रेटिस ओलांडली, बिश्री डोंगराच्या पायथ्याची सहा गावं जाळली. पुढच्या एका लेखात म्हणतो, यांच्यामागे मी अठ्ठावीस वेळा युफ्रेटिस ओलांडली, एका वर्षात दोनदा. आता मला सांगा, जो शत्रू खरंच संपवला त्याच्यामागे अठ्ठावीस वेळा नदी कोण ओलांडतं?

सरांनी इथे स्वतःच पेन खाली ठेवलं. 'गावं जाळली म्हणतोय तो,' म्हणाले. 'तंबू नाही. गावं.' हा माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा टर्निंग पॉइंट. ज्यांना आपण वाळवंटातून नुकतेच आलेले उंटवाले म्हणत होतो त्यांची पहिल्याच बातमीत डोंगराच्या पायथ्याला सहा गावं आहेत. आणि जागा बघा, मधली युफ्रेटिस आणि तिच्या पश्चिमेचा बिश्री डोंगर, आजच्या सिरियाच्या मध्यावर, पाल्मिराच्या ईशान्येला.

उंटांचं तर आणखी मजेशीर आहे. इ.स.पू. ८५३च्या कार्कारच्या लढाईत असिरियाच्या तिसऱ्या शल्मनेसरसमोर जी आघाडी उभी राहिली तिची यादीच त्याच्या शिलालेखात आहे. दमास्कसचा अरामी राजा हददएझर आला तो १२०० रथ, १२०० घोडेस्वार आणि २०,००० पायदळ घेऊन. त्याच यादीत गिंदिबू नावाचा अरब आहे, १००० उंट घेऊन. म्हणजे लिहिणाऱ्याला अरब वेगळा आणि अरामी वेगळा, आणि उंट कुणाचे हेही स्पष्ट.

मग अखलामू कोण? हे नाव जुनं. इ.स.पू. चौदाव्या शतकात दिलमुनहून, म्हणजे आजच्या बहारीनहून, आजच्या इराकमधल्या निप्पूरला गेलेल्या पत्रात तक्रार आहे की अखलामूंनी माझे खजूर पळवले. हित्ती राजा तिसरा हत्तुसिली बाबिलोनच्या राजाला लिहितो त्या पत्रात अखलामूंमुळे दूतांचा रस्ता बिकट झाल्याचा विषय आहे. सर जरा खूश झाले, बहारीन म्हणजे अरबस्तानच की! पण तेच अखलामू उत्तरेला पार खाबूरच्या बाजूला असिरियनांशी लढताना दिसतात. एकच टोळी बहारीनपासून तुर्कस्तानच्या हद्दीपर्यंत पसरली होती यापेक्षा, शहरवाले बाहेरच्या सगळ्याच मेंढपाळ टोळ्यांना अखलामू म्हणत आणि त्यातल्या काहींना पुढे अरामी म्हणायला लागले, हे जास्त पटतं.

याहून जुने धागेदोरे आहेत. अक्कडचा राजा नराम-सिन याच्या लेखात 'अरामे' नावाची जागा येते, इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या थीब्जच्या देवळात परदेशी नावांच्या यादीत अरामसारखं एक नाव येतं. पण नाव सारखं म्हणून माणसं तीच, हा तर्क आपण नुकताच रामाच्या बाबतीत नाकारला होता, मग इथे कसा घेणार? पहिली जागा तर टायग्रिसच्या पूर्वेला धरतात. दोन्ही वगळलं.

मग हे आले कसे? इ.स.पू. १२००च्या पुढेमागे हित्ती साम्राज्य कोसळलं, उगारित जळालं, युफ्रेटिसवरचं एमार जळालं. पहिल्या तिग्लथ-पिलेसरच्या शेवटच्या वर्षांबद्दलच्या एका तुटक्या बखरीत दुष्काळ आहे, माणसांनी माणसं खाल्ली अशी ओळ आहे, आणि अरामी 'घरांनी' रस्ते धरले असंही. राजवाडे गेले, धान्याचं आणि बंदोबस्ताचं गणित बिघडलं, आणि ज्यांच्याकडे मेंढरं आणि भाऊबंदकी दोन्ही होतं ते टिकले.

इथे सर अचानक त्यांच्या गावच्या धनगरांवर आले. 'आमच्याकडे शेतात मेंढरं बसवतात, खताला. शेतकरी धान्य देतो. तो काय बाहेरून आलेला असतो? त्याचा रस्ताच आमच्या शिवारातून जातो.' युफ्रेटिसवरच्या मारी शहरातल्या इ.स.पू. अठराव्या शतकातल्या विटांवरच्या लेखांमध्ये हेच चित्र दिसतं, एकाच टोळीतले काही शेती करतायत आणि काही कळपामागे. मग पुढच्या दोनशे-तीनशे वर्षांत यातूनच छोटी राज्यं झाली. नावं बघा, बीत-अदिनी, बीत-बहियानी, बीत-अगूसी, बीत-झमानी. बीत म्हणजे घर, कुणा मूळ पुरुषाचं घराणं. सम्आलचं घराणं बीत-गब्बारी, गब्बर नावाच्या पुरुषाचं, हे वाचल्यावर टेबलावर अर्थातच हशा पिकला. त्याच घराण्यातला किलमुवा इ.स.पू. नवव्या शतकात लिहितो की गब्बरनं राज्य केलं आणि काहीच केलं नाही. या माणसाचं नाव लुवियन, म्हणजे हित्तींच्या बाजूच्या एका भाषेच्या वळणाचं, लेख फिनिशियन भाषेत आणि आपण त्याला अरामी राजांत मोजतो. जिंकून आधीच्यांना पुसून टाकलं असतं तर अशी खिचडी झाली असती का?

दुसरा निर्णय: बायबलचं काय करायचं

आमोसच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, सरळ म्हटलंय की देवानं इस्राएलला मिसरमधून, पलिष्ट्यांना कफ्तोरहून आणि अराम्यांना कीरहून आणलं. मूळ गाव लिहूनच ठेवलंय! मी तर बाण कीरमधून काढायला तयार होते. पण कीर नकाशावर कुठे लावायचं? संदेष्टा यशया त्याचं नाव एलामच्या, म्हणजे आजच्या नैऋत्य इराणच्या, शेजारी घेतो, म्हणजे पूर्वेला कुठेतरी, याहून पुढे जाता येत नाही. आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरनं दमास्कस घेतलं ते इ.स.पू. ७३२ सालचं, तेव्हा तिथल्या लोकांना कीरलाच हाकलल्याचं आहे. म्हणजे आले तिथेच परत पाठवले, हे इतकं नेमकं जुळतं की मला तरी तो संदेष्ट्याचा टोमणा वाटतो, गॅझेटिअरची नोंद नाही.

ठाण्याच्या एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, काकू आमच्या एका मेंबरच्या मैत्रीण, त्यांना फोन केला कारण मला दुसरं एक वाक्य विचारायचं होतं, बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं, 'माझा बाप भटका अरामी होता' या अर्थाचं. काकू म्हणाल्या, 'अगं, आम्ही ते दरवर्षी पेसहाच्या रात्री वाचतो, पण आमच्याकडे अर्थ उलटा सांगतात.' हग्गादात, म्हणजे पेसहा सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, मूळ हिब्रूतल्या त्याच तीन शब्दांचा अर्थ 'एक अरामी माझ्या बापाला नष्ट करायला निघाला होता' असा लावतात, तो अरामी म्हणजे याकोबाचा सासरा लाबान. कोकणातल्या या समाजासाठी १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासकट हग्गादा छापला गेला होता हेही त्याच दिवशी कळलं. तीन शब्द, एकात अरामी बाप, दुसऱ्यात अरामी वैरी. शेजाऱ्याशी रक्ताचं नातं मानायचं की नाही हे काळानुसार बदलत गेलं असणार, आणि अशा वाक्यातून नकाशा काढणं धोक्याचंच. मात्र इस्राएलींच्या आठवणीत अरामी म्हणजे हारान आणि पद्दन-अरामकडचे, उत्तरेचे, अरबस्तानकडचे नाहीत, एवढं आम्ही घेतलं.

केलं काय

डिझायनर म्हणाला, मॅडम, बाण राहू द्या, बुडाशी प्रश्नचिन्ह टाकतो. मी नाही म्हटलं. लोकांना लांबून बाण दिसतो, प्रश्नचिन्ह जवळ गेल्यावर दिसतं, आणि जवळ जातं कोण.

शेवटी नकाशावर बिश्री डोंगर, मधली युफ्रेटिस, खाबूर आणि बालिख नद्या, हारानपर्यंतचा पट्टा फिकट केशरी रंगानं भरला, कडा धूसर. त्यावर तारखांचे ठिपके: बिश्री ११११, खाली दमास्कस ८५३, वर गुझाना, पश्चिमेला सम्आल, हमाथ, अर्पाद. मजकूर सरांनीच पुन्हा लिहिला, चार ओळी, आणि माझ्यापेक्षा चांगला: 'हे लोक एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे पोचले असं दाखवता येत नाही. जिथे ते पहिल्यांदा दिसतात तिथेच ते मेंढरं, गावं आणि घराणी धरून उभे आहेत.'

बाजूला एक छायाचित्र टाकलं, ईशान्य सिरियातल्या तेल फेखेरियेचा पुतळा, १९७९ साली शेतात सापडलेला. गुझानाचा हदद-यिस्ई, माणसाच्या उंचीचा, झग्यावर मजकूर दोन भाषांत. अक्कडीत, जी असिरियन साहेब वाचणार, तो स्वतःला सुभेदार म्हणवतो. अरामीत, जी घरचे वाचणार, तिथे राजा. इतका वेळ आम्ही शत्रूच्या रिपोर्टवरून या लोकांना ओळखत होतो, मराठ्यांचा इतिहास नुसत्या मुघल अखबारांवरून लिहावा तसं, म्हणून एखादा तरी आवाज त्यांचा स्वतःचा हवा होता.

निकाल

गर्दी ठीक होती. एक निवृत्त बँकवाले काका म्हणाले, 'म्हणजे माहीत नाही असं सरळ लिहा ना.' त्यांना पट्टा म्हणजे पळवाट वाटली, आणि मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. शाळेच्या मुलांनी पुतळ्यावरचं सुभेदार-राजा सगळ्यांत जास्त लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गावात राहणारे एक केरळी गृहस्थ आले, सिरियन ख्रिश्चन. पॅनेलसमोर बराच वेळ उभे. म्हणाले, आमची जुनी प्रार्थनेची भाषा सुरियानी. ती एडेसाची अरामीच, एडेसा म्हणजे आजचं उर्फा, हारानपासून जवळच. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं ते केशरी पट्ट्याच्या वरच्या कडेला, जिथे आम्ही ठिपका दिलाच नव्हता. सरांनी सांगितलं की ग्रीक ज्यांना सिरियन म्हणत ते स्वतःला अरामी म्हणवत असं स्ट्राबो या जुन्या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय. दोघं मग बाहेर कट्ट्यावर तासभर बसले होते.

परत करायचं झालं तर

चौकटीचा मथळा बदलीन. 'मूळचे कुठले?' विचारलं की उत्तरात गाव यावं लागतं, आणि आम्ही प्रश्न तसाच ठेवून उत्तर मात्र वेगळ्या प्रकारचं दिलं, म्हणून बँकवाले काका अडखळले. 'पहिल्यांदा कुठे दिसतात?' एवढंच पुरलं असतं. सरांशी पहिल्याच दिवशी बसायला हवं होतं, ग्रुपवर प्रश्न टाकून दोन दिवस फुकट घालवले. उर्फाचा ठिपका राहिला तो राहिलाच.

आणि एक चूक तर शेवटच्या संध्याकाळी, फ्लेक्स उतरवताना दिसली. मुलगी शिडीवर होती, तिनं वरून हाक मारली, 'ताई, चार नंबर बघा.' चौथं पॅनेल क्यूनिफॉर्मचं, म्हणजे मातीवर खुणा दाबून लिहायच्या लिपीचं, त्यात अमोराइट लोकांचा नकाशा, आणि अरबस्तानातून निघालेला तसाच लाल बाण. अक्कडचा राजा शार-काली-शार्री अमोराइटांशी ज्या बसार डोंगरावर लढला तो बसार म्हणजे हाच आमचा बिश्री, अराम्यांच्या हजारेक वर्षं आधी. डोंगर तोच, बाणही तोच, आणि आम्ही नवव्या पॅनेलवर एवढं सगळं करत असताना तो तीन दिवस दारासमोर टांगलेला होता. सर म्हणाले, गुंडाळू नका, मला घरी न्यायचाय.